कोट ऑफ आर्म्स, देवक, मुद्रा, निशाणी: घराण्याचं चिन्ह शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की हे प्रश्न वाढतात, कारण पत्रिकेवर वर मधोमध काय छापायचं यावरून घरात चर्चा सुरू होते, मग कोणीतरी नेटवर आडनाव टाकून बघतं आणि तिथून गोंधळ सुरू. तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या आडनावांनी येतात, म्हणून इथे एकत्र लिहिलंय. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, परत परत लिहीत नाही.

१. आमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स कोणतं?

आडनावाचं नसतंच. मराठी आडनावाचं तर नाहीच, पण स्मिथ किंवा टेलरचंही नसतं. कोट ऑफ आर्म्स म्हणजे ढालीवर काढलेलं, वारशानं चालणारं चिन्ह. युरोपात ही चिन्हं एका माणसाला मिळायची (किंवा फार जुन्या काळात त्यानं स्वतः घेतलेली असायची) आणि मग त्याच्या वंशजांकडे वारशानं जायची. त्यामुळे 'माझं आडनाव अमुक, म्हणून हे चिन्ह माझं' हे कुठेच चालत नाही, 'मी अमक्याचा वंशज आहे आणि हे त्याचे कागद' असं दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये साधारणपणे बापाकडून मुलाकडे अशी सलग साखळी सिद्ध करावी लागते. स्कॉटलंड अजून कडक, तिथे मूळ चिन्ह जसंच्या तसं फक्त मुख्य वारसाला, बाकीच्या भावांनी त्यात फरक करून नव्यानं नोंदवून घ्यायचं.

२. पण ही पद्धत आली कुठून? आणि त्यात नेमकं काय काय असतं?

बाराव्या शतकातला पश्चिम युरोप. डोक्यावर लोखंडी टोप आणि अंगात चिलखत घातलं की समोरचा सरदार कोण ते कळायचं नाही, म्हणून ढालीवर ठळक चित्र, असं कारण नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं असावं, कारण मिरवणूक, शिक्के आणि लढाईच्या खेळांमध्येही ही चिन्हं तितकीच मिरवली जायची. सगळ्यात जुन्या उदाहरणांत फ्रान्समधल्या आंजूच्या सरदाराचं, जेफ्रीचं नाव येतं, ११५१ मध्ये वारला, त्याच्या थडग्यावरच्या मिनाकारीच्या पत्र्यावर निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत, आणि पुढे त्याच्या नातवाच्या थडग्यावरही तसेच सिंह दिसतात. पिढीतून पिढीकडे गेलं म्हणून ते महत्त्वाचं, नुसती ढाल रंगवणं तर जगभर चालायचं.

मुख्य भाग ढाल. तिच्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर तुरा, दोन्ही बाजूंना कधी ढाल धरून उभे असलेले प्राणी किंवा माणसं, आणि एका पट्टीवर बोधवाक्य. रंग मोजके: सोनेरी आणि रुपेरी हे दोन 'धातू', मग लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. नियम असा की धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, म्हणजे पिवळ्यावर पांढरं काढायचं नाही, लांबून दिसत नाही. जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह मात्र पांढऱ्यावर सोनेरी क्रूस, नियम मोडणारं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तेच.

३. फॅमिली क्रेस्ट आणि कोट ऑफ आर्म्स एकच ना?

नाही. क्रेस्ट म्हणजे फक्त तो शिरस्त्राणावरचा तुरा. विकणारे लोक सगळ्यालाच क्रेस्ट म्हणतात, त्यावरूनच ओळखायचं की समोरच्याला विषय किती माहितीय.

४. एका साईटवर आडनाव टाकलं तर सिंह, तलवारी आणि आडनाव लिहिलेली पट्टी असं सुंदर चित्र आलं. ते खोटं का?

चित्र म्हणून छान असेल, पुरावा म्हणून शून्य. इंग्रजी आडनावांच्या बाबतीत हे दुकानदार त्या आडनावाच्या कोणातरी एका माणसाला कधीकाळी मिळालेलं चिन्ह उचलतात आणि जगातल्या सगळ्या त्या आडनावाच्या लोकांना मगवर छापून विकतात. आपल्या आडनावांच्या बाबतीत तेवढंही नसतं, तयार साच्यात सिंह नाहीतर हत्ती बसवायचा आणि खाली नाव. तपासायचं असेल तर दोनच गोष्टी विचारा, हे कोणत्या व्यक्तीला मिळालं आणि कोणत्या साली. उत्तर येत नाही.

५. मग ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर या संस्थानांची चिन्हं होती ती? ती तर अगदी युरोपियन दिसतात.

दिसतात कारण त्यांचा तो साचा इंग्रजांनीच घडवला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटननं दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं, त्या वेळी मोठ्या संस्थानिकांना रेशमी निशाणं भेट दिली गेली आणि प्रत्येक निशाणावर एक कोट ऑफ आर्म्स होतं. ती चित्रं तयार केली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्यानं, त्याला या विषयाचा नाद होता. त्यानं घराण्याची दंतकथा, दैवत, मुलूख असं बघून युरोपियन साच्यात बसवलं. निशाणं इतकी जड झाली की एकेक उचलायला दोन दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागले असं वर्णन आहे. बडोद्याचे सयाजीराव तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते, तेही हजर होते.

म्हणजे ती चिन्हं खोटी का? तसंही नाही. साचा परका पण आतला माल बऱ्याचदा घरचा. शिंद्यांचा नाग हा त्यांच्या घराण्यात आधीपासून सांगितल्या जाणाऱ्या कथेतला, झोपलेल्या पुरुषावर नागानं फणा धरल्याची. बडोद्याचं 'जीन घर जीन तख्त', म्हणजे घोड्याचं खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन, हे तर मराठा घोडदळाच्या एका घराण्याला इतकं फिट बसतं की मला विचाराल तर सगळ्या संस्थानी बोधवाक्यांत हेच भारी. होळकरांचं संस्कृत आहे, 'प्राहोमेशो लभ्या श्री: कर्तु: प्रारब्धात्'. तेव्हा 'आमच्या संस्थानाचं चिन्ह हजार वर्षं जुनं' असं कोणी म्हणालं तर ढाल, शिरस्त्राण, दोन बाजूंचे प्राणी ही मांडणी एकोणिसाव्या शतकातली, कथा मात्र त्याआधीची असू शकते, असं वेगळं करून बघायचं.

६. आमचं आडनाव शिंदे / गायकवाड / भोसले आहे. मग संस्थानाचं चिन्ह आम्ही लावलं तर?

आडनाव सारखं म्हणजे घराणं एक असं नाही (प्रश्न १). शिंदे महाराष्ट्रभर आहेत, वेगवेगळ्या जातींत आहेत, ग्वाल्हेरचे शिंदे त्यातले कण्हेरखेडचे. तुमचा त्या शाखेशी कागदोपत्री संबंध असेल तर अभिमानानं सांगा, पण संस्थानाचं चिन्ह राज्यकर्त्याचं आणि राज्याचं होतं, सगळ्या भाऊबंदांचं नव्हतं. घरात फ्रेम करून लावलंत तर कोणी पोलीस येणार नाही, लेटरहेडवर छापून व्यवहार करायला लागलात तर मात्र अडचण होऊ शकते (प्रश्न १५).

७. देवक म्हणजेच आपलं कोट ऑफ आर्म्स, असं म्हणतात ते बरोबर का?

नाही, पण जवळ जाणारी गोष्ट तीच आहे, म्हणून लोक गल्लत करतात. देवक म्हणजे लग्नात मांडवात बसवतात ते: कदंब, पंचपल्लव, कमळ, मोराचं पीस, रुई, हळद, कुठे तलवारीची धार. वारशानं येतं, कुळाला जोडलेलं असतं, इतपत सारखेपणा. फरक असा की देवक मिरवायचं नसतं, त्याचं काम सोयरीक ठरवताना असतं, देवक एक आलं की ते भाऊबंद मानायचे आणि लग्न होत नाही. कोट ऑफ आर्म्स 'मी कोण' हे लांबून सांगतं, देवक 'कोणाशी लग्न करायचं नाही' हे घरातल्या घरात सांगतं. आणि देवक फक्त मराठ्यांत असतं हाही गैरसमज, कुणबी आणि इतरही बऱ्याच समाजांत आहे. ब्राह्मणांत मुंज-लग्नाला देवक बसवतात पण सोयरिकीला बघतात ते गोत्र-प्रवर.

पत्रिकेवर काहीतरी खरंखुरं घरचं छापायचंय? देवकाचं पान किंवा फूल काढून घ्या. कुठल्याही विकतच्या सिंहापेक्षा ते जास्त तुमचं आहे. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, काही घरांत देवकाची वस्तू अशी छापलेली, मग पत्रिका पायाखाली आलेली, आवडत नाही.

८. शहाण्णव कुळींच्या यादीत आमच्या आडनावापुढे वंश, गोत्र, तख्त, निशाण, वारू सगळं दिलंय. ते वापरू का?

या याद्या बघितल्या की वाटतं हे तर हेराल्ड्रीचं (म्हणजे अशा चिन्हांच्या शास्त्राचं) रजिस्टरच: निशाणाचा रंग, ध्वजावरचं चित्र, घोड्याचा रंग, गादीचं गाव. वाचायला फार मजा येते. अडचण एवढीच की दोन याद्या शेजारी ठेवल्या तर जुळत नाहीत, कोणती कुळं शहाण्णवात धरायची यावरच एकमत नाही तर घोड्याच्या रंगावर कुठून येणार. त्यामुळे यादीतली माहिती म्हणजे सुगावा समजा. यादी म्हणते देवक अमुक आणि तुमच्या घरी लग्नात बसतं तमुक, तर घरातलं खरं, यादी बाजूला ठेवा. फक्त मूळ आडनाव आणि नंतर गावावरून किंवा हुद्द्यावरून पडलेलं आडनाव वेगळं असेल तर यादीत बघताना मूळ कुळ बघायचं, 'पाटील' किंवा 'देशमुख' शोधून काही मिळत नाही.

९. शिवरायांची राजमुद्रा पत्रिकेवर, गाडीवर लावतात. ते घराण्याचं चिन्ह आहे का?

मुद्रा व्यक्तीची असते. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनो: शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते' यात शहाजीचा मुलगा शिव असं स्पष्ट नाव आहे, म्हणजे ती दुसऱ्या कोणाची होऊच शकत नाही, संभाजी महाराजांची मुद्रा वेगळी होती. प्रधानांच्या मुद्रेत तर आधी छत्रपतींचं नाव यायचं, 'राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान', आणि शाहू महाराजांनंतर रामराजा गादीवर आले तसं पेशव्यांच्या मुद्रेतलं नावही बदललं. जुन्या कागदावर शिक्का सापडला तर हे लक्षात ठेवा, शिक्क्यातल्या नावांवरून कागदाचा काळ बऱ्यापैकी ठरवता येतो.

बाकी आदर म्हणून लोक लावतात तो वेगळा विषय. भारतीय नौदलानंही २ सप्टेंबर २०२२ ला नवीन ध्वज घेतला त्यातला अष्टकोन याच मुद्रेवरून प्रेरणा घेऊन केलाय.

१०. आम्ही सरदार-बिरदार नव्हतो. साध्या घराला काहीच नसायचं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. असायचं, आणि ते बघायला जुने महजर बघा. गावात वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची, निवाडा कागदावर उतरायचा आणि खाली सगळ्यांची नावं यायची. सह्या करता न येणाऱ्यांच्या नावापुढे निशाणी काढलेली असायची, पाटलाची निशाणी नांगर हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, आणि बलुतेदारांच्या नावापुढे ज्याच्या त्याच्या कामाचं हत्यार, म्हणजे कागदाच्या तळाला आख्खं गाव चित्रांत उभं. लढवय्या माणसाच्या नावापुढे कट्यारही दिसते.

आता हे घराण्याचं चिन्ह का? काटेकोर बोलायचं तर वतनाचं आणि धंद्याचं. शेजारच्या गावच्या पाटलाची निशाणीही नांगरच. पण तुमच्या खापरपणजोबांनी एका ठरावीक कागदावर स्वतःच्या नावापुढे ती उमटवली असेल तर तो कागद आणि ती रेघ फक्त तुमची, आणि युरोपात शोधायला गेलात तरी सामान्य शेतकऱ्याच्या घरचा इतका जिवंत पुरावा सहज हाती लागत नाही. मिळालाच तर तेच चित्र वापरा, नवीन काही बनवायच्या भानगडीत पडू नका.

११. वाड्याच्या / गढीच्या दारावर दगडात प्राणी कोरलाय. तो आमचं कुलचिन्ह का?

बहुतेक नाही. पंजात हत्ती धरलेला वाघासारखा प्राणी असेल तर तो शरभ, दोन डोक्यांचा पक्षी असेल तर गंडभेरुंड. ही बळाची चित्रं आहेत, कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर आहेत, जंजिऱ्याच्या दारावर सहा हत्ती पकडलेला आहे आणि तिथे राज्य सिद्दीचं होतं. त्याआधीच्या राजवंशांची लांछनं (म्हणजे राजचिन्हं) मात्र खरोखर ठरलेली असायची, चालुक्यांचा वराह, देवगिरीच्या यादवांचा आणि शिलाहारांचा गरुड, कदंबांचा सिंह. ताम्रपटाच्या कडीवरच्या शिक्क्यात ती बघायला मिळतात. म्हणून कोणी म्हणतं आमचं घराणं यादवांचं, दारावर गरुड आहे, तर आधी दार किती जुनं ते बघा.

१२. बरं, मग शोध सुरू कुठून करायचा?

चिन्हापासून नाही, माणसांपासून. आजी-आजोबा, आत्या, गावाकडचे चुलते यांच्याकडून नावं, गाव, कुलदैवत, देवक, मूळ आडनाव लिहून घ्या. मग सातबारा आणि त्यामागचे जुने फेरफार, गाव नमुना १४ म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचं जनरल रजिस्टर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून ही कागदपत्रं निदान तहसील कचेरीत लोकांना माहीत तरी झालीयत.

त्याच्या मागे जायचं तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते ठरलेलं असतं, गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते आणि त्यात कधी कधी आलेल्या माणसाच्या हाताची नोंद असते, बरोबर कोण कोण होतं त्या नावांसकट. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातले असाल तर हेळवी लोकांची चौकशी करा, नंदीबैल घेऊन येतात आणि घराण्याची वंशावळ सांगतात, त्यांच्याकडेही पोथ्या असतात. चित्पावनांच्या बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, त्यांचं काम सोपं.

इनाम किंवा वतन असेल तर पुणे पुरालेखागार, म्हणजे आपण पेशवे दप्तर म्हणतो ते. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून (१८५२ चा कायदा) प्रत्येक इनामदाराला 'तुला हे कोणी आणि कधी दिलं' असं विचारलं, लोकांच्या जमिनी गेल्या, राग आला, पण त्या चौकशीत घराण्यांनी कैफियती आणि वंशावळी लिहून दिल्या आणि आज त्याच आपल्या कामाला येतात. कैफियत म्हणजे हक्क वाचवायला लिहिलेलं निवेदन, तेव्हा पूर्वजांचा पराक्रम थोडा फुगवलेला असणार हे धरून चाला. भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं, तिथेही दप्तरं आहेत. कोल्हापूर संस्थानातले असाल तर कोल्हापूर पुरालेखागार, मराठवाड्यातल्यांना हैदराबादची पायरी चढावी लागते, बडोद्याच्या चाकरीतल्या घरांना बडोद्याची, आणि तंजावरच्या मराठ्यांचे मोडी कागद तिकडे सरस्वती महाल ग्रंथालयात.

१३. कागद मिळाला पण मोडीत आहे.

मोडी शिका, महिन्या-दोन महिन्यांत छापील मोडी वाचता येते, हातची वाचायला वेळ लागतो. तोपर्यंत जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या पण फोटो आणि लिप्यंतर दोन्ही जपून ठेवा, शिक्का आणि निशाणीचा भाग वेगळा जवळून काढा. 'बहुतेक तुमचेच पूर्वज आहेत' असं म्हणणाऱ्या जाणकारापासून जरा जपून, त्याचं काम वाचून देणं.

१४. आम्ही गोव्याचे / वसईचे ख्रिस्ती, आडनाव पोर्तुगीज. आमचं तर खरं कोट ऑफ आर्म्स असेल ना?

आडनावावरून नाही. धर्मांतराच्या वेळी गॉडफादरचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळायचं, म्हणून एका गावात सख्खे भाऊसुद्धा वेगवेगळ्या आडनावांचे झालेले दिसतात. पोर्तुगालमधल्या एखाद्या परेराचं चिन्ह म्हणजे त्याच्या रक्ताच्या वंशजांचं, ते आडनावाबरोबर आलं नाही. पण गोव्यातल्या काही घराण्यांना पोर्तुगालच्या राजाकडून स्वतंत्र उमराव दर्जा आणि चिन्ह मिळालं, हे खरंच घडलंय, आणि त्याचं पत्र असायचं. घरात ते पत्र नसेल तर पणजीचं पुराभिलेख खातं आणि लिस्बनचं तोर्रे दो तोम्बो, म्हणजे पोर्तुगालचं राष्ट्रीय पुराभिलेखागार, ही शोधायची ठिकाणं. त्याआधीच्या पिढ्यांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं, आणि गांवकार (गावच्या मूळ घराण्यातले) असाल तर कोमुनिदादचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे कागद, तिथे वांगोडाप्रमाणे (कुळाप्रमाणे) जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा घेणाऱ्या पुरुषांची नावं असतात, म्हणजे धर्म बदलला तरी कुळ कुठेतरी लिहिलेलं राहिलं.

वसई किंवा रेवदंड्याच्या किल्ल्यात दगडात ढाल दिसते, आत पाच छोट्या ढाली आणि कडेनं किल्ले, ते पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह, कुठल्या घराचं नाही.

१५. नवीन चिन्ह बनवून घेतलं तर बेकायदेशीर आहे का?

भारतात हेराल्ड्रीचं सरकारी खातंच नाही, त्यामुळे परवानगी मागायला कोणी नाही आणि मान्यता द्यायलाही कोणी नाही. घरासाठी हवं ते काढा. फक्त चार सिंहांची राजमुद्रा किंवा तिच्यासारखं दिसणारं काही नको, त्यासाठी २००५ चा कायदा आहे, आणि दुसऱ्या कोणाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क नको. स्कॉटलंडमध्ये मात्र दुसऱ्याचं चिन्ह वापरणं आजही गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये या कामाचं जुनं कोर्ट शेवटचं १९५४ मध्ये बसलं, मँचेस्टरच्या नगरपालिकेनं तिथल्या एका थिएटरवर केस केली की आमचं चिन्ह हे लोक वापरतात, आणि पालिका जिंकली.

१६. लंडनला स्थायिक आहोत, ब्रिटिश नागरिक. आम्हाला मिळू शकतं का?

अर्ज करता येतो. इंग्लंडसाठी कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ ची संस्था, स्कॉटलंडसाठी एडिंबरोत लॉर्ड लायनचं कोर्ट. फी हजारो पौंडांत जाते आणि मिळतं ते नवीन, 'आमचं पूर्वापार' असं त्यात काही नसतं. चित्रात काय हवं ते सुचवता येतं, देवक घालायला काहीच हरकत नाही. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाईंना, १८५७ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेनं चालणारा ब्रिटिश किताब) झाले ते, मिळालेल्या चिन्हात घाटामागून उगवणारा सूर्य आणि दोन मधमाश्या आहेत, बोधवाक्य उद्योग आणि औदार्य अशा अर्थाचं. परक्या साच्यात आपला मुलूख बसवायचा तर असा.

१७. पणजोबा रावबहादूर होते. सनदेवर वरती सिंह आणि घोड्यासारखा शिंगवाला प्राणी आहे. ते आम्हाला मिळालेलं चिन्ह का?

ते ब्रिटिश राजाचं, सिंह आणि युनिकॉर्न. सरकारी कागदावर सरकारचं चिन्ह. रावबहादूर ही पदवी होती, तिचा बिल्ला मिळायचा, कोट ऑफ आर्म्स नाही, आणि पदवी वारशानं जायची नाही. बॅरोनेटची गोष्ट वेगळी, ती वंशपरंपरेनं जायची, पण ते मोजकेच होते (प्रश्न १६).

१८. आजोबा दत्तक गेले होते. आम्ही कोणतं घराणं धरायचं?

आपल्याकडे दत्तक गेला की गोत्र, देवक, कुलधर्म दत्तक घराचे. संस्थानांत तर हे सारखं झालंय. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचे सयाजीराव झाले, ते निदान गायकवाडच, पण कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन भोसल्यांचे शाहू छत्रपती झाले, आणि गादीबरोबर चिन्हही आलं. इंग्लंडमध्ये उलटं, दत्तक मुलाला चिन्ह आपोआप मिळत नाही, राजाची वेगळी परवानगी लागते.

वंशावळ लिहिताना मात्र दोन्ही रेषा लिहा, जन्मघराची तुटक आणि दत्तकघराची सलग, आणि दत्तकपत्राची तारीख शेजारी. सोयरीक बघताना बऱ्याच घरांत जन्मघराचं देवकही टाळतात, तेव्हा ती माहिती खोडून टाकू नका.